सीट मागे घेतली की वाजायचं

बडोद्याचा छाणी जकात नाका मागे टाकला आणि गाडीतली सीटच्या पट्ट्याची घंटी सुरू झाली. टुंग, टुंग, टुंग. समोर लाल दिवा, आडवा पट्टा लावलेल्या माणसाचं ते चित्र. खाली पाहिलं तर पट्टा अंगावर होता. डाव्या हाताने बकल ओढून पाहिलं, पक्कं बसलेलं. शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी होती, म्हटलं तिचाच प्रताप असेल. डावीकडच्या सीटच्या गादीत वजन ओळखणारा सेन्सर असतो, त्याला पिशवी आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन येताना शेजारी ठेवलेल्या दुधीला मी कितीतरी वेळा पट्टा लावला आहे. पिशवी मागे टाकली. घंटी चालूच. शेवटी गाडी कडेला घेतली, पट्टा सोडला, पुन्हा लावला. गप्प. नंदेसरी येईपर्यंत गप्पच.

ही जुलै २०२५ मधली गोष्ट. नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात मी २२ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. कंट्रोल रूममधून फोन येतो, 'अमुक टाकीची लेव्हल उड्या मारतेय', आणि आम्ही मीटर घेऊन निघतो. लेव्हल खरंच उड्या मारतेय, तिचा आकडा पाठवणारा ट्रान्समीटर बिघडलाय, की मधल्या शंभर मीटर वायरीत कुठे पाणी शिरलंय, एवढंच शोधायचं असतं. नव्याने लागलेल्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगतो की सेन्सर बदलायला धावू नका, आधी वायरींच्या जोडांचा डबा, जंक्शन बॉक्स, उघडा. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत पुढचे तीन आठवडे मी नेमका उलटा वागलो.

त्या रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे तर कधीच वाजत नाही." मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी ती गाडी घेऊन मांजलपूरला आईकडे जाते. मी म्हटलं, "तुझं नशीब चांगलं." बिघाडाचं निदान पहिल्याच रात्री, ताटावर बसल्या बसल्या झालं होतं. मी त्यावर आमटी वाढून घेतली.

मग डायरी सुरू केली. तारीख, वेळ, पाऊस आहे की नाही, एसी चालू की बंद. कारखान्याची सवय. दहा दिवसांत पानभर नोंदी झाल्या आणि त्यातून एवढंच दिसलं की पावसाच्या दिवशी जास्त वाजतं. बडोद्यात जुलैमध्ये पाऊस नसलेला दिवस शोधावा लागतो, तेव्हा या शोधाची किंमत तुम्हीच ठरवा. सीट कुठल्या खाचेत आहे, हा रकाना डायरीत नव्हताच.

पहिला संशय अर्थातच बकलवर गेला. बकलच्या आत फार काही नसतं. पट्ट्याची धातूची जीभ आत शिरली की एक छोटी सरक मागे ढकलली जाते. त्या सरकेने काही गाड्यांत बारीक स्विच दाबला जातो, काहींत एक चुंबक, चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरपुढे येतो किंवा त्याच्यापासून दूर होतो. जीभ पूर्ण आत गेली नाही, किंवा सरकेच्या वाटेत काही अडकलं, की पट्टा लागूनही गाडीला तो लागलेला दिसत नाही. आणि वाटेत अडकण्यासारखं आमच्या गाडीत काय नाही! रविवारी बॅटरी घेऊन त्या फटीत डोकावलो. लीला, म्हणजे ओल्या, चिवड्यातली बटाट्याची एक सळी, बडीशेप, साडीची टाचणी. टाचणी पाहून मी खूशच झालो, धातू आहे, स्विचला शॉर्ट करत असणार. व्हॅक्यूमने सगळं ओढून काढलं, जुन्या टूथब्रशने झाडलं, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला आणि पट्टा पन्नास वेळा लावून-काढून पाहिला. (गंज सोडवायचं तेल इथे मारू नये. ते आत चिकटून राहतं आणि पुढची सगळी धूळ गोळा करतं.)

तीन दिवस घंटी वाजली नाही. मी टाचणी डबीत घालून कारखान्यात नेली, पोरांना दाखवली. त्याच तीन दिवसांत माझी कंबर धरली होती म्हणून सीट दोन खाचा पुढे घेऊन चालवत होतो, हे फार नंतर सुचलं. चौथ्या दिवशी कंबर सुटली आणि घंटी परत आली.

शेजारच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ म्हणाले, "एवढं काय करता, क्लिप लावा." म्हणजे ती नुसती धातूची जीभ, पट्ट्याशिवाय; बकलमध्ये खोचली की गाडीला वाटतं पट्टा लागला. त्यांच्या स्वतःच्या गाडीत ती आहे. ॲक्सेसरीच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदाराने काउंटरखालून काढली, १२० रुपये. खरं तर मे २०२३ मध्येच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विकायच्या नाहीत म्हणून आदेश दिले होते. काउंटरखाली आदेश पोचत नाहीत. मी त्याला विचारलं, "माझा पट्टा लावलेला असतो आणि तरी वाजतं. म्हणजे आत खरी जीभ आहे आणि तरी गाडीला कळत नाही. मग ही खोटी जीभ काय वेगळं करणार?" त्याने क्लिप उलटीसुलटी करून पाहिली. "ट्राय करो ने, साहेब."

एरवीही मी लावली नसती. २०१९ च्या सप्टेंबरपासून केंद्राच्या कायद्यात पट्टा नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं जाऊ दे. आम्ही मुंबईला जातो तो रस्ता पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीवरून जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच पुलावर सायरस मिस्त्री गेले, मागच्या सीटवर बसले होते, पट्टा नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून तो पूल आला की आमच्या गाडीत मागे बसलेल्याचा हात आपोआप पट्ट्याकडे जातो. आमची गाडी २०१९ च्या दिवाळीतली. त्या वर्षीच्या १ जुलैपासून पुढच्या दोन्ही सीटसाठी ही घंटी सक्तीची झाली, ८० च्या वर गेलं की वाजणारी वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सरही. इतका खटाटोप करून जी गोष्ट गाडीत आणली, तिच्या तोंडात बोळा कोंबायचा हे मला पटत नाही.

मग फोनला जोडायचं, गाडीतले दोष वाचणारं ते ओबीडीचं छोटं यंत्र मागवलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचलं, ॲप उघडलं. हिरवी अक्षरं: कोणताही दोष नाही. घंटी तेव्हा वाजत होती! ही स्वस्त यंत्रं इंजिनचे, धुराशी संबंधित ठरावीक कोड वाचतात. एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे तिचा छोटा कॉम्प्युटर, वेगळं, त्याची भाषा वेगळी, ती येणारा स्कॅनर वेगळा आणि महाग. 'दोष नाही' याचा अर्थ 'मला विचारलेल्या गोष्टीत दोष नाही' एवढाच. कारखान्यात ही चूक कोणी केली असती तर मी अर्धा तास बोललो असतो.

इथवर कटकट होती. मग एका रविवारी अहमदाबादहून एक्स्प्रेसवेने परत येताना घंटीच्या जोडीला एअरबॅगचा दिवा लागला.

हा दिवा चावी फिरवल्यावर साधारण सहा सेकंद पेटतो आणि विझतो, तेवढ्यात मॉड्यूल आपल्या सगळ्या वायरी तपासून घेतं. चालत्या गाडीत पेटून तसाच राहिला तर समजायचं की त्याला कुठेतरी गडबड सापडली आहे आणि वेळ आली तर एअरबॅग फुगेल याचा भरवसा नाही. ९३ किलोमीटरचा तो रस्ता, त्यातले चाळीसेक उरलेले. मी ८० वर आलो, डाव्या लेनमध्ये. बायको शेजारी बसून काही बोलली नाही, पण तिने स्वतःचा पट्टा एकदा ओढून पाहिला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला गेलो. स्कॅनर लावला, कोड आला: ड्रायव्हरच्या बकलचा स्विच, सर्किट ओपन, म्हणजे विजेची वाट कुठेतरी तुटलेली. सल्लागार मुलगा म्हणाला, बकल असेंब्ली बदलावी लागेल, ४,२०० रुपये आणि मजुरी वेगळी, माल यायला आठ-दहा दिवस. "वायरिंग तपासलं का?" "सर, स्कॅनरनेच सांगितलं ना." स्कॅनरने 'सर्किट ओपन' सांगितलं होतं. सर्किटमध्ये बकल आहे, वायरींना वायरी जोडणारं कपलर आहे, दोन वायरी आहेत, मॉड्यूलची पिन आहे. त्याने त्यातलं सगळ्यात महाग तेवढं वाचलं. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी हजार रुपये आगाऊ भरून पावती घेतली.

मंगळवारी बायको मांजलपूरला जाऊन आली. किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "दिवा गेला. आणि वाजलंही नाही. मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं."

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. ती पाच फूट एक इंच, मी पाच अकरा. ती बसली की सीट पुढे ओढते, मी बसलो की मागे ढकलतो.

चप्पल घालून खाली पार्किंगमध्ये गेलो. चावी फिरवली, पट्टा लावला, लाल दिवा विझला. सीटखालचा दांडा उचलून एक खाच मागे. काही नाही. आणखी एक. काही नाही. चौथ्या खाचेला खट् झालं आणि दिवा पेटला. पुढे, विझला. मागे, पेटला. अकरा वेळा केलं. वॉचमन येऊन विचारून गेला, "साहेब, काई खोवायुं?" हरवलं काहीच नव्हतं. बकल सीटला जोडलेलं असतं, ते सीटबरोबर पुढे-मागे जातं. त्याला खाचेशी काही देणंघेणं नाही. सीट हलली की जे ताणलं जातं ते म्हणजे जमिनीतून वर येणारी वायर.

प्रतापनगर पुलाच्या पलीकडे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, साठीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर ताडपत्री, पण एअरबॅगची भाषा येणारा स्कॅनर आहे. शनिवारी सुट्टी काढून गेलो. त्यांना माझी डायरी दाखवायला काढली, त्यांनी ती न उघडता डॅशबोर्डवर ठेवली. स्कॅनर लावला, कोड नुसता वाचून थांबले नाहीत. मॉड्यूलला त्या क्षणी काय दिसतंय ते पान उघडलं. त्यावर 'ड्रायव्हर बकल' अशी एक ओळ. पट्टा काढला: अनबकल्ड. लावला: बकल्ड. "हवे सीट पाछळ," काका म्हणाले, म्हणजे आता सीट मागे. चौथ्या खाचेला ओळ बदलली. अनबकल्ड नाही. फॉल्ट.

त्या एका शब्दावर मी खिळलो, आणि इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे.

साधा स्विच असता तर वायर तुटल्याचं गाडीला कळलंच नसतं. स्विच उघडा आणि वायर तुटलेली, दोन्ही सारखंच. म्हणून बऱ्याच गाड्यांत बकलच्या आत रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारे तुकडे, बसवलेले असतात. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. आमच्या गाडीत पट्टा काढलेला असेल तर ४०० ओहमच्या आसपास आणि लावलेला असेल तर १०० च्या आसपास. दोन्ही ठिकाणी काहीतरी आकडा आहे, शून्य नाही, अनंतही नाही. वायर तुटली तर अनंत, शॉर्ट झाली तर शून्य, आणि मॉड्यूल म्हणतं, हा आकडा बकलचा नव्हे. हॉल सेन्सरवाल्या बकलमध्ये हेच काम करंटने होतं, एका अवस्थेत कमी मिलीअँपिअर, दुसऱ्यात जास्त, पण शून्य कधीच नाही. तिथे ओहममीटर लावून काही कळत नाही. हे वाचून आमच्या धंद्यातला माणूस हसेल. आमचे ट्रान्समीटर ४ ते २० मिलीअँपिअरवर चालतात. टाकी रिकामी असेल तर ४, भरलेली असेल तर २०. शून्य कशाला सोडलं? शून्य आलं की समजावं टाकी रिकामी नाही, वायर गेली. २२ वर्षं मी हे पोरांना फळ्यावर काढून शिकवतोय आणि माझ्याच सीटखाली तेच तत्त्व तीन आठवडे घसा फोडून ओरडत होतं.

आता सीट काढायची. त्याआधी काकांनी बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि चहा सांगितला. ही नुसती चहाची हौस नव्हे. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये कॅपेसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुगवता यावी म्हणून. तो रिकामा व्हायला वेळ द्यावा लागतो. मधेच कोणी गाडी चालू करू नये म्हणून मी सवयीने किल्ली खिशात टाकली. काकांनी आणखी एक गोष्ट आधी पाहून घेतली, अपघातात पट्टा आवळणारं प्रीटेन्शनर कुठे आहे. त्यात बारूद असते. काही गाड्यांत ते बकललाच जोडलेलं असतं, आणि त्याच्या वायरींना मीटर लावणं म्हणजे मीटरच्या करंटने ते उडवायला बसणं. आमच्या गाडीत ते दारामागच्या खांबात आहे. सीटखाली एअरबॅगच्या वायरींचं पिवळं कपलर नाही, साइड एअरबॅगही नाही. बकलच्या दोनच वायरी. वायरिंगच्या नकाशावर दोघांनी बोट ठेवून खात्री केली, मगच १४ चा पाना निघाला.

चार बोल्ट सुटले, सीट मागे कलती केली. खाली एक जुनी पावती, दोन रुपयांचं नाणं, मुलीच्या दहावीच्या वर्षातलं हरवलेलं कंपासचं टोक, आणि मधोमध काळं कपलर. ते सोडवलं. बकलच्या बाजूला मीटर लावला: ४०२. पट्ट्याची जीभ आत: १०१. काकांनी बकल हलवलं, वाकवलं, त्यावर थाप मारली. १०१. वायर ओढली, पिळली. १०१.

"आ बकल नो वांक नथी, साहेब."

वांक म्हणजे दोष. बकल निर्दोष. ४,२०० रुपयांचं बकल आल्यावर पुन्हा चौथ्या खाचेला तेच झालं असतं.

तरी मला पुरावा हवा होता. कारखान्यात आम्ही ट्रान्समीटर काढून त्या जागी सिम्युलेटर लावतो, म्हणजे वायरीला खोटा पण ठाम आकडा मिळतो. मग कंट्रोल रूममध्ये आकडा हलला तर दोष वायरीचा. मी घरून १०० ओहमचा एक रेझिस्टर आणला होता. काकांना कल्पना आवडली. गाडीकडच्या कपलरमध्ये तो रेझिस्टर खोचला, गाडीत कोणी नाही याची खात्री करून बॅटरी जोडली, बाहेर उभं राहून स्कॅनर पाहिला. बकल्ड. बकल तर बाजूला पडलेलं, पण मॉड्यूल म्हणतंय पट्टा लागलाय. मग मी दारातून वाकून जमिनीतून येणारी ती वायर दोन बोटांत धरली आणि सीट मागे गेल्यावर जशी ओढली जाईल तशी हलकेच ओढली. फॉल्ट. सोडली. बकल्ड. ओढली. फॉल्ट.

काकांनी रेझिस्टर लगेच काढून माझ्या हातात दिला, डब्यातही टाकला नाही. म्हणाले, काही लोक हाच आत टेप लावून ठेवून देतात, घंटी कायमची बंद. आणि मॉड्यूलला कायम वाटत राहतं की पट्टा लावलेला आहे. काही गाड्यांत एअरबॅग कधी फुगवायची हे ठरवताना ते पट्टा लागलाय की नाही हेही बघतं.

बॅटरी पुन्हा काढली. गाडीकडचं कपलर उलटं करून उजेडात धरलं. दोन पिनांपैकी एकीच्या बुडाशी हिरवा थर, देवघरातल्या न घासलेल्या पळीवर चढतो तसा. काकांनी पिन बाहेर काढली तर वायर तिच्यासोबत आलीच नाही. दोनच तार तिला धरून होते. बाकीचे तुटलेले, काळे. त्यांनी इंचभर वायर सोलली. काळी. आणखी इंचभर. काळी. प्लास्टिकचं आवरण बाहेरून नवंकोरं, आतलं तांबं मात्र काजळी धरल्यासारखं.

"पूर नुं पाणी," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

२०२४ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट धरतात, तेव्हा पाणी ३५ च्या वर गेलं होतं. आम्ही कारेलीबागेत राहतो. रात्री दोनला पार्किंगमध्ये पाणी आलं, स्कूटर जिन्यावर चढवल्या, गाड्या जागीच राहिल्या. सकाळी गॅलरीतून पाहिलं तर आमच्या गाडीची चाकं दिसत नव्हती. मगरी गल्ल्यांमध्ये फिरताहेत असे व्हिडिओ फोनवर येत होते, खाली उतरायची कोणाची छाती नव्हती. पाणी सीटच्या गादीच्या खाली थांबलं. मी शहाणपणा केला की चावी लावली नाही. गाडी ओढून नेली, इंजिन वाचलं. वर्कशॉपने सीटा काढल्या, गालिचा काढून वाळवला, विम्याने बहुतेक पैसे दिले. वास दोन महिन्यांत गेला. मी समजलो, संपलं.

कपलर आठवडाभर ओल्या गालिच्यात पडून होतं. पिनेच्या बुडाशी जिथे आवरण संपतं तिथून पाणी आत शिरतं आणि वातीसारखं तारांमधून वर चढत जातं. तिथे वारा नाही, वाळायला वाव नाही. तांबं हळूहळू खाल्लं जातं. अकरा महिने लागले.

पण एकट्या पाण्याचं हे काम नव्हतं. काकांनी गालिचा थोडा उचलला. ही वायर सीटच्या रुळाच्या आतल्या बाजूने, एका क्लिपमधून, सैल वळसा घेऊन यायला हवी. पुरानंतर गालिचा बसवताना ती रुळाच्या बाहेरून आणली होती आणि क्लिप रिकामी. तीन-चार इंचांचा वळसा गेला. मी सीट मागे घेतली की वायर सरळ ताणली जायची आणि सगळा जोर त्या दोन तारांवर. बायको पुढे बसायची, तिच्या वाट्याला सैल वायर. कोणी केलं ते मला माहीत आहे, त्याने शे-दोनशे गालिचे त्या महिन्यात वाळवले असतील. तरी क्लिप रिकामी दिसते की नाही?

चार इंच कापल्यावर लाल तांबं दिसलं. काकांनी नवं कपलर वायरींच्या शेपटीसकट काढलं, जोड क्रिम्प केले, म्हणजे दाबून बसवले, आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट-श्रिंक स्लीव्ह चढवून गरम केली. मी विचारलं, सोल्डर का नाही. म्हणाले, सोल्डर वायर ताठ करतं, आणि ही वायर रोज हलणार. जिथे ताठपणा संपतो तिथे तुटते. बरोबर होतं. मी प्रत्येक जोड ओढून पाहिला, ते हसले, पण त्यांनीही आधी ओढून पाहिलाच होता. ही सिग्नलची वायर होती म्हणून जोड दिला, एअरबॅग किंवा प्रीटेन्शनर पेटवणारी वायर असती तर हात लावला नसता, कंपनीचा वायरींचा पूर्ण जुडगा, हार्नेस, मागवा म्हणून सांगितलं असतं, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

वायर रुळाच्या आतून, क्लिपमधून. सीटचे बोल्ट जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने, नुसते हाताच्या अंदाजाने नाही. बॅटरी, चावी, एअरबॅगचा दिवा सहा सेकंद आणि विझला. कोड पुसला. सीट एकेक खाच, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, स्कॅनरवर नजर ठेवून: बकल्ड, बकल्ड, बकल्ड. एकूण १,१०० रुपये, चहा त्यांच्याकडून. वर्कशॉपला फोन करून बकल नको म्हणून सांगितलं. आगाऊ भरलेले हजार परत यायला आणखी दोन फोन लागले.

डायरीत सीटच्या खाचेचा रकाना आखला आणि लगेच लक्षात आलं, आता त्यात लिहायला काही नाही.

निघताना काका म्हणाले, बाजूची सीटही बघून घेऊ का, त्याच पाण्यात होती. बोल्ट न काढता सीट पूर्ण मागे घेऊन मोबाइलच्या उजेडात खाली पाहिलं. वायर तिथेही रुळाच्या बाहेरून आलेली, क्लिप रिकामी, आणि कपलरच्या कडेला नखाएवढं हिरवं. पुढच्या शनिवारची वेळ घेतली. तोपर्यंत दुधी मागच्या सीटवर.